गावातलं जुनं फार्म वाचवून सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं असेल तर : मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळींसाठी

बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूसबरी, वेस्टबरो, हॉपकिंटन, अ‍ॅक्टन या पट्ट्यात आता इतकी मराठी घरं झालीत की कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच, आमच्या रस्त्यावरचं दोनशे वर्षांचं फार्म बिल्डरकडे चाललंय, काही करता येईल का? येतं. पण बहुतेकदा प्रश्न येतो तेव्हा फार्म बिल्डरआधी विकत घ्यायला गावाला कायद्यानं मिळणारे १२० दिवस सुरू झालेले असतात, त्यातले चाळीस कागद इकडून तिकडे करण्यात गेलेले असतात आणि उरलेल्यात फक्त सह्या आणि मतं गोळा करता येतात. पैसे कुठून आणायचे, जमीन कोणाच्या नावावर घ्यायची, नंतर ती कसणार कोण, याची उत्तरं त्याआधीच्या दोन-चार वर्षांत तयार असावी लागतात. म्हणून तुमच्या गावातलं फार्म अजून विकायला निघालेलं नसेल तर हे तुमच्यासाठीच आहे, निघालं असेल तर निम्मं तरी कामाला येईल.

एक आधीच सांगते, आपण ज्या सबडिव्हिजनमध्ये राहतो तिथेही बहुधा कोणाचं तरी शेतच होतं. त्यामुळे "आता आम्ही आलो, दार लावा" असा सूर लागला की गावातले जुने लोक मनातल्या मनात हसतात, आणि घरांची टंचाई या राज्यात खरोखरची आहे. तुम्हाला फक्त घरं नको असतील तर ते लपत नाही. फार्म हवं असेल तर ते कशासाठी हवंय हे नीट सांगता आलं पाहिजे, पुढचं सगळं त्यावर चालतं.

फार्म ६१ए मध्ये आहे का ते बघा

सगळ्यात पहिलं काम, आणि घरबसल्या होणारं. मॅसॅच्युसेट्समध्ये चॅप्टर ६१ए नावाचा कायदा आहे. पाच एकर किंवा जास्त जमीन शेतीखाली असेल तर मालकाला प्रॉपर्टी टॅक्स बाजारभावावर न लागता शेतीच्या किमतीवर लागतो, म्हणजे खूपच कमी. त्या बदल्यात, मालकानं ती जमीन घरं किंवा दुकानं बांधायला विकायची ठरवली तर गावाला त्याच किमतीत ती आधी घ्यायचा हक्क मिळतो. जंगलाला चॅप्टर ६१, मैदानं-गोल्फ कोर्स वगैरेंना ६१बी. गावाच्या असेसर ऑफिसचा (टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्यांचा) डेटाबेस ऑनलाइन असतो, तिथे पत्ता टाका आणि युज कोड बघा, ७ नं सुरू होत असेल तर ६१ए. रजिस्ट्री ऑफ डीड्सच्या साइटवर त्याचं लीनही (जमिनीवरचा बोजा) नोंदलेलं दिसतं, तेही फुकट बघता येतं. सवड असेल तर सगळ्या गावाचीच यादी करून ठेवा, एका रविवारचं काम आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुसऱ्या शेतकऱ्याला शेतीसाठीच विकलं तर हा हक्क लागूच होत नाही, आणि व्हायलाही नको. आणि जमीन ६१ए मध्ये नसेलच तर गावाकडे असा काही हक्क नाही, मग मालकाशी बोलणं एवढंच हातात उरतं.

हक्क लागू झाला की मालकाला सर्टिफाइड मेलनं नोटीस पाठवावी लागते, सिलेक्ट बोर्ड (गावाचं निवडून आलेलं कारभारी मंडळ), असेसर, प्लॅनिंग बोर्ड आणि कन्झर्व्हेशन कमिशन अशी सगळीकडे, सोबत खरेदीचा सही झालेला करार, नकाशा वगैरे. नोटीस पूर्ण असेल तरच १२० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, म्हणून गावाच्या वकिलानं पहिल्या आठवड्यातच ती बारकाईनं वाचायला हवी. गाव स्वतः जमीन घेऊ शकतं किंवा तो हक्क एखाद्या लँड ट्रस्टला (जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेला) देऊ शकतं. ट्रस्टला दिला तर किमान ७० टक्के जमीन शेती, जंगल किंवा मोकळी जागा म्हणूनच ठेवावी लागते. उरलेल्या तुकड्यावर दोन-चार घरं काढून पैशाचा मेळ बसवायचा मार्ग कायद्यानंच ठेवलाय, त्याला नाक मुरडू नका. या सगळ्यासाठी पब्लिक हिअरिंग घ्यावी लागते, आणि हो म्हटल्यावर खरेदी पूर्ण करायला साधारण ९० दिवस.

आता गणित करा. अप्रेजल, म्हणजे तज्ज्ञाकडून किमतीचा अंदाज, करून घ्यायला महिना-दीड महिना. पैशाला मंजुरी टाउन मीटिंग (गावातल्या मतदारांची सभा) देणार, स्पेशल टाउन मीटिंगचा वॉरंट (विषयपत्रिका) किमान १४ दिवस आधी लागला पाहिजे, त्याआधी फायनान्स कमिटी, त्याआधी कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कमिटी (तिच्या पैशाबद्दल पुढे), मध्ये थँक्सगिव्हिंग किंवा जुलैची सुट्टी आली की दोन आठवडे गेलेच.

मालकाशी आधी, आणि विचारपूस म्हणून

हा भाग कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. बहुतेक जुन्या फार्मचे मालक सत्तरीच्या पुढचे असतात, नावावर कोटींची जमीन आणि बँकेत फारसं काही नाही, मुलं शिकागो-सिअ‍ॅटलला, त्यातल्या एकाला ठेवायचंय, दोघांना विकायचंय. वाटणीत भावंडांचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे सह्यांचा कागद घेऊन गेलात तर दार लागतं. मका किंवा अंडी घ्यायला जात असाल तर चार शब्द बोला, जमिनीचा इतिहास विचारा, आणि एवढंच कळवा की कधी विकायचा विचार आला तर आधी बोलता येईल अशी एक संस्था या भागात आहे. पुढचं बोलणं त्या संस्थेला करू द्या.

कुठली संस्था? दि ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स ही १८९१ पासूनची, या प्रकारच्या कामात जगातल्या पहिल्यांपैकी. इप्सविच-हॅमिल्टनचं अ‍ॅपल्टन फार्म्स त्यांच्याकडे आहे, १६३८ च्या जमिनीच्या दानापासून एकाच घराण्याच्या नऊ पिढ्यांनी सांभाळलेलं आणि १९९८ मध्ये त्यांनीच ट्रस्टीजना देऊन टाकलेलं, आज तिथे कोणीही फिरायला जाऊ शकतं. आपल्या पट्ट्यात साउथबरोचं चेस्टनट हिल फार्मही त्यांचंच. सडबरी व्हॅली ट्रस्टीज १९५३ पासून याच भागात काम करतात. नावं सारखी असली तरी दोन्ही संस्था वेगळ्या. शिवाय बऱ्याच गावांना स्वतःचा छोटा लँड ट्रस्ट असतो, चार-पाच रिटायर्ड माणसं चालवतात आणि नवीन माणूस आला की त्यांना अक्षरशः आनंद होतो. गावाला टाउन मीटिंगशिवाय हलता येत नाही, ट्रस्टला येतं. ट्रस्ट कर्ज काढून जमीन आधी उचलतो आणि सवडीनं गाव ती किंवा तिच्यावरचे हक्क त्यांच्याकडून घेतं, असं सर्रास होतं.

मालकाला पटवायला टॅक्सचा मुद्दाही कामाचा आहे. बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकलं तर वरची रक्कम दान धरली जाते. कन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन (जमिनीवर बांधकाम न करण्याचं कायमचं बंधन, पुढे येईल) दान केलं तर फेडरल टॅक्समध्ये वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि शेतीच मुख्य उत्पन्न असलेल्यांना १०० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. राज्याचं वेगळं क्रेडिट आहे, दानाच्या किमतीच्या निम्मं, जास्तीत जास्त ७५,००० डॉलर. पण हे तुम्ही सांगू नका, त्यांच्या सीपीएला सांगू द्या.

पैसे

इथे सीपीए म्हटलं की अकाउंटंट आठवतो, पण गावाच्या भाषेत सीपीए म्हणजे कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट. २००० सालचा कायदा, राज्यातल्या ३५१ पैकी निम्म्याहून जास्त गावांनी तो घेतलाय. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सवर जास्तीत जास्त ३ टक्के सरचार्ज लागतो, त्यात राज्य थोडी भर घालतं, आणि तो पैसा मोकळी जागा, ऐतिहासिक वास्तू, परवडणारी घरं आणि मैदानं यावरच जातो. पहिल्या तिघांना दर वर्षी किमान १०-१० टक्के. जुनं फार्म दोन खात्यांत बसतं, शेत मोकळ्या जागेत आणि बार्न (फार्मवरचा लाकडी गोठा-कोठार) ऐतिहासिक वास्तूत, आणि कोपऱ्यातल्या तुकड्यावर परवडणारी घरं बसवली तर तिसऱ्यातही. अट एवढीच की अप्रेज केलेल्या किमतीपेक्षा जास्त देता येत नाही. इथेच पुष्कळ प्रकरणं अडकतात, कारण बिल्डरची ऑफर आणि गावाचं अप्रेजल यांत फरक निघतो आणि तो फरक लोकवर्गणीतून भरायला लागतो.

राज्याचं लँड नावाचं ग्रँट कन्झर्व्हेशन कमिशनला मिळतं, पण पैसे गावानं आधी घालायचे आणि नंतर परत मिळवायचे असा प्रकार आहे. आणि त्यासाठी गावाचा ओपन स्पेस अँड रिक्रिएशन प्लॅन राज्यानं मंजूर केलेला आणि मुदतीतला असावा लागतो, तो ठराविक वर्षंच चालतो. तुमच्या गावाचा कधी संपतोय ते आजच बघा. त्या प्लॅनमध्ये तुमच्या फार्मचं नाव असणं म्हणजे अर्धं काम, आणि तो लिहिणाऱ्या कमिटीत कायम दोन जागा रिकाम्या असतात.

उरलेल्यासाठी कर्ज. समजा ३० लाख डॉलर २० वर्षांसाठी ४ टक्क्यांनी काढले तर पहिल्या वर्षी मुद्दल दीड लाख आणि व्याज एक लाख वीस हजार, मिळून २,७०,०००. गावात ६,००० घरं असतील तर घरटी ४५ डॉलर, आणि पुढे दर वर्षी थोडे कमी. हा आकडा फ्लायरवर सगळ्यात वर घाला, ३० लाख खाली. लोक ३० लाखाला घाबरतात, ४५ डॉलर म्हणजे एका वेळचं बाहेरचं जेवण.

"नवीन घरं आली तर शाळेचा खर्च वाढेल" हा मुद्दा इथे हमखास निघतो. अमेरिकन फार्मलँड ट्रस्टनं बऱ्याच गावांचे हिशोब जमवलेत, त्यात घरं जेवढा टॅक्स देतात त्यापेक्षा जास्त सेवा घेतात आणि शेतं दिलेल्याच्या निम्म्याहूनही कमी, असंच निघत आलंय. मुद्दा खरा आहे. पण "शाळेत येणारी मुलं" म्हणजे कोणाची मुलं असं तिथे बसलेल्यांना वाटतं ते आपल्याला चांगलं माहितीय, त्यामुळे मी तरी तो मुद्दा जपून वापरते.

वाचवायचं म्हणजे नक्की काय

इथे फार घोळ होतो. जमीन कायमची बांधून ठेवायचे तीन कागद आहेत आणि तिघांचं काम वेगळं. एपीआर, म्हणजे शेतीसाठीचं रिस्ट्रिक्शन, यात राज्य शेतकऱ्याकडून बांधकामाचे हक्क विकत घेतं आणि जमीन त्याचीच राहते. उत्तम योजना, पण लोकांना आत फिरता येईलच असं नाही, गेटवर पाटी लावली तर तो त्याचा हक्क आहे. दुसरं सीआर, कन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन, त्यात पायवाटा, पार्किंग, लोकांना आत येऊ देणं असं जे हवं ते लिहून घेता येतं. तिसरं इमारतींसाठीचं प्रिझर्व्हेशन रिस्ट्रिक्शन. खुली जागा हवी असेल तर सीआरमध्ये "पब्लिक अ‍ॅक्सेस" हा शब्द आला पाहिजे, आणि सोबत शेतीला परवानगीही स्पष्ट लिहिलेली हवी, नाहीतर उद्या कोणी हूपहाउस (प्लास्टिकचं हरितगृह) टाकायला गेलं की त्याच कागदावर बोट ठेवून शेजारी आडवा येतो.

गावानं जमीन कन्झर्व्हेशनसाठी म्हणून घेतली की तिला राज्यघटनेच्या ९७ व्या कलमाचं संरक्षण मिळतं, १९७२ पासून. मग ती विकायची किंवा वापर बदलायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून टाउन मीटिंगच्या ठरावात जमीन कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या ताब्यात हे वाक्य कसं लिहिलंय ते वकिलाकडून दोनदा तपासून घ्या. "जनरल म्युनिसिपल पर्पज" असं लिहिलं की दहा वर्षांनी तिथे फायर स्टेशन उभं राहू शकतं.

हे आधी ठरलं नाही की काय होतं ते लेक्सिंग्टनमध्ये दिसलं. बुसा फार्म गावानं २००९ मध्ये सीपीएच्या पैशातून घेतलं, आठेक एकर, आणि मग वाद सुरू झाला. कोणाला सॉकर फील्ड, कोणाला परवडणारी घरं, कोणाला कम्युनिटी फार्म. शेवटी बहुतेक भाग शेतीला आणि एक छोटा तुकडा घरांना असं ठरलं, आणि माझ्या मते चांगलंच ठरलं. विंचेस्टरचं राइट-लॉक फार्म वेगळ्या वाटेनं गेलं, ते सतराव्या शतकातलं, गावानं २००७ मध्ये घेतलं आणि आता एक ना-नफा संस्था चालवते, रास्पबेरी तोडायला पोरांची झुंबड असते.

टाउन मीटिंग

ग्रामसभा माहिती असेल तर अर्धं कळलंच. ओपन टाउन मीटिंगमध्ये गावातला कुठलाही नोंदणीकृत मतदार जाऊन मत देऊ शकतो आणि तिथे गेलेलेच ठरवतात. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये दोन-तीनशे माणसं असतात, म्हणजे तीस-चाळीस घरांनी ठरवलं तर निकाल फिरतो. कर्ज काढायचं असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ते प्रपोझिशन अडीचच्या टॅक्स मर्यादेबाहेर ठेवायचं असेल तर वेगळं बॅलटवर बहुमतही. म्हणजे एकाच विषयावर दोनदा मतदान, आणि आपले लोक नेमके दुसऱ्याला विसरतात.

सिलेक्ट बोर्ड विषय घेत नसेल तर १० मतदारांच्या सह्यांनी वार्षिक मीटिंगच्या वॉरंटवर तो आणता येतो, स्पेशलच्या वॉरंटवर आणायला १०० लागतात, आणि २०० सह्या असतील तर स्पेशल मीटिंग बोलवायलाच लावता येते. पण सीपीएच्या पैशाला आधी त्या कमिटीची शिफारस लागतेच, तिथे सह्यांचा उपयोग नाही.

एच-वन-बी किंवा ग्रीनकार्डवर असाल तर मत नाही. पण मॉडरेटरनं (सभा चालवणाऱ्यानं) परवानगी दिली तर बोलता येतं, कमिटीच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, आणि मतदार असलेल्यांची मुलं तीन तास सांभाळणं हेही फार मोठं काम आहे, कारण मीटिंग संध्याकाळी सातला सुरू होते आणि फार्मचा विषय हमखास दहानंतर येतो. तोवर निम्मे घरी गेलेले असतात. जमलं तर मॉडरेटरला विषय आधी घ्यायची विनंती करा.

बोलायला उठलात तर दोन मिनिटं पुरे. निसर्ग, येणाऱ्या पिढ्या वगैरे त्यांनी खूप ऐकलंय. तुम्ही आणि मुलं तिथे काय करणार ते सांगा, कम्युनिटी गार्डनच्या वाफ्यात मेथी आणि मांडवावर दुधी लावायला वेटिंग लिस्ट आहे हे सांगितलं तर फायनान्स कमिटीवालेही मान वर करून बघतात.

बार्न आणि माती

बार्न बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि तुळया जिथे एकमेकींत बसतात तिथे बघा. छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे दिसतील, एका तुळईवर चार रेघा, तिच्यात बसणाऱ्या दुसरीवरही त्याच चार. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, खुणा करायचे, सुटा करायचे आणि मग गावकरी जमून तो उभा करायचे. मोठं दार लांब बाजूला असेल तर बहुधा जुनी, इंग्लिश पद्धतीची रचना, त्रिकोणी तोंडाच्या बाजूला असेल तर एकोणिसाव्या शतकातली. फोटो काढा, हिस्टॉरिकल कमिशनला द्या, ते राज्याच्या यादीत फॉर्म भरून नोंदवतात. नॅशनल रजिस्टरवर नाव आलं की वास्तू वाचली असं मात्र समजू नका, मालकानं स्वतःच्या पैशानं पाडायची ठरवली तर रजिस्टर अडवत नाही. गावात डिमोलिशन डिले बायलॉ असेल तर सहा महिने, वर्ष, काही ठिकाणी दीड वर्ष थांबवता येतं, तेवढाच अवधी.

माती तपासल्याशिवाय सही करू नका. या भागात सफरचंदाच्या बागा होत्या आणि १८९० च्या दशकापासून डीडीटी येईपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, त्यांच्यावर लेड आर्सेनेट फवारायचे. शिसं आणि आर्सेनिक वरच्या थरात तसंच बसून राहतं, शंभर वर्षांनीही. त्यानं सौदा मोडतोच असं नाही, कुठे पायवाट, कुठे भाजी आणि कुठे नुसतं गवत ते त्यावरून ठरवता येतं, आणि किंमतही खाली आणता येते. जुने डिझेलचे टाके, ओढ्याकाठचा कचरा टाकायचा खड्डा हेही बघा, प्रत्येक फार्मवर एक तरी असतोच.

घेतल्यानंतर

इथे उत्साह संपतो आणि खर्च सुरू होतो. शेत कसायला शेतकरी लागेल, त्याला वर्षाच्या बोलीवर जमीन दिली तर तो मातीत काहीच घालणार नाही, किमान पाच वर्षांची लीज द्या. पाणी कुठून घेणार, कुंपण कोणाचं, बार्नचं छप्पर गळलं तर कोण बघणार, हे लीजमध्येच लिहा. गवताचं रान असेल तर बोबोलिंक नावाचा पक्षी जमिनीवर घरटं करतो, जूनमध्ये कापणी केली की पिल्लं गेलीच, म्हणून कापणीची तारीख जुलैच्या मध्यानंतरची ठेवा आणि उशिरा कापलेल्या गवताला भाव कमी येतो ते धरून भाडं कमी करा.

सगळ्यात मोठं भांडण पार्किंगवरून होतं. बारा गाड्यांच्या जागेवरून दोन वर्षं गेलेली मी पाहिलीयत. पार्किंगचा नकाशा मतदानाआधीच दाखवा. पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची ही भीती मालक आणि ट्रस्ट दोघांना असते, पण फी न घेता लोकांना फिरू दिलं तर राज्याचा कायदा जमीनमालकाला बऱ्यापैकी संरक्षण देतो. पाट्यांवर टिक्सची सूचना मोठ्या अक्षरात लावा, मे-जूनमध्ये उंच गवतातून आलात की घरी आल्या आल्या मुलांचे पाय तपासायचे. कुत्री गाईंच्या कुरणात सोडायची नाहीत, आणि शेणखताचा वास येणार, ते शेत आहे.

हद्दीवर पक्के खांब ठोका. सीआर करताना सुरुवातीच्या स्थितीचा अहवाल फोटोंसकट बनतो आणि ट्रस्टचा माणूस दर वर्षी येऊन त्याच्याशी ताडून बघतो. त्याला सगळ्यात जास्त सापडतं ते हेच, शेजाऱ्याचा लॉन थोडाथोडा आत सरकलेला, त्यावर एक ट्रॅम्पोलिन, आणि "हे आमचंच आहे ना?" असा खरोखर निरागस प्रश्न. खांब असले की भांडावं लागत नाही, नुसतं बोट दाखवायचं.